तिकीट बंद झालं, पण घोडं कुठे अडलं होतं?

वाचकाचं पत्र

मी हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या कस्टमर सपोर्टमध्ये चार वर्षं काम करतेय. सुरुवातीला रोज काहीतरी नवीन कळायचं. आता सकाळी क्यू, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींची रांग, उघडला की पहिल्या दोन ओळींतच लक्षात येतं पुढे काय लिहिलेलं असणार. पासवर्ड रिसेट होत नाही, इम्पोर्ट बिघडला, रिपोर्ट जुळत नाही. तयार उत्तर टाकायचं, तिकीट (म्हणजे त्या तक्रारीची नोंद) बंद करायचं, पुढचं घ्यायचं. टीममध्ये माझे आकडे सगळ्यात चांगले आहेत. त्यामुळे मॅनेजर खूश आहेत आणि मला इथून हलवायला कोणी तयार नाही. माझ्याबरोबर शिकलेले बहुतेक जण कोड लिहितात. भेटल्यावर मी काय करते हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. सपोर्टमध्ये वाढायला जागा असते का? आणि बाहेर पडायचं ठरवलं तर रिझ्युमेवर "सपोर्ट" लिहावं की ते झाकून दुसरं काही लिहावं?

— क्यूमध्ये अडकलेली

उत्तर

पहिल्या दोन ओळींत पुढचं सगळं कळतं, असं तुम्ही लिहिलंय. मला तिथेच थांबावंसं वाटलं. ग्राहक काय म्हणणार हे तुम्हाला कळतं, यात शंका नाही. पण त्याच्याकडे नेमकं काय घडलंय, तेही कळतं का? "रिपोर्ट जुळत नाही" हे वाक्य तुम्ही चार वर्षं वाचताय. रिपोर्ट का जुळत नव्हता, हे त्यातल्या किती तिकिटांबद्दल छातीठोकपणे सांगता येईल? हा टोमणा समजू नका. बहुतेक ठिकाणी सपोर्टची घडीच अशी बसवलेली असते: ग्राहकाचं काम सुरू झालं की तिकीट बंद, आणि तिकीट बंद झालं की आकडा चांगला. तुम्हाला जे करायला सांगितलं ते तुम्ही उत्तम करताय. कंटाळाही त्यातूनच आलाय.

सपोर्टमध्ये वाढायला जागा असते का, याचं माझं उत्तर असं आहे: तुम्ही तिकिटात कुठे थांबता, त्यावर ते ठरतं. "ग्राहकाचं काम झालं" इथे थांबलात तर ही नोकरी वर्षभरात शिकून होते आणि पुढची वर्षं त्याच वर्षाची उजळणी असते. "का झालं ते मला कळलं" इथे थांबायची सवय लावलीत तर त्याच क्यूतली तिकिटं अवघड होऊ लागतात. आणि तुम्हाला हवंय ते अवघड कामच.

हा फरक मी शोधून काढलेला नाही. आयटी सेवांच्या कामाची जी आयटीआयएल नावाची चौकट १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने तयार केली, तिच्यात इन्सिडंट आणि प्रॉब्लेम या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या धरल्या आहेत. इन्सिडंट म्हणजे काम अडलं ती घटना, ती लवकरात लवकर मोकळी करायची. प्रॉब्लेम म्हणजे अशा एक किंवा अनेक घटनांमागचं कारण, ते शोधून काढायचं. प्रत्यक्षात मात्र पहिल्या फळीतल्या माणसाला फक्त इन्सिडंट दिले जातात आणि प्रॉब्लेम हा आपला प्रांत नाही असं त्याच्या मनात बसतं. कोणी तसं स्पष्ट सांगितलेलं नसतं, तरी बसतं.

तुम्ही पत्रात जी तीन कंटाळवाणी तिकिटं सांगितलीत, त्यांतलंच एक घेऊन बघू.

समजा ग्राहकाने लिहिलं: "जानेवारीच्या रिपोर्टमध्ये सात नोंदी कमी दिसतात. आमच्या हिशेबाशी जुळत नाही." अनुभवी माणसाला यावरचा उपाय तोंडपाठ असतो. तारखेची मर्यादा एक दिवस पुढे न्या, म्हणजे १ फेब्रुवारीपर्यंत करा, नोंदी दिसतील. दिसतातही. ग्राहक आभार मानतो, पाच तारे देतो. तिकीट बंद.

आता तेच तिकीट थोडं पुढे ओढा. ग्राहकाकडून त्या सात नोंदींची यादी मागवा. यादी आली की आधी तारखा बघा: सातही ३१ जानेवारीच्या. मग वेळा बघा: सातही संध्याकाळी सातनंतरच्या. त्याच दिवशी सातच्या आधीच्या नोंदी आहेत आणि त्या रिपोर्टमध्ये नीट दिसतात. इथे कान टवकारायला हवेत, कारण योगायोग इतका काटेकोर नसतो. ग्राहक कुठल्या टाइम झोनमध्ये आहे? यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या प्रमाणवेळेच्या, पाच तास मागे. त्याच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. म्हणजे डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत ठेवलीय, ते ठीकच आहे. पण महिन्याचा रिपोर्ट काढताना ती ग्राहकाच्या स्थानिक वेळेत फिरवायची राहून गेलीय. त्याची ३१ तारखेची संध्याकाळ सिस्टिमच्या लेखी १ फेब्रुवारी आहे.

एवढं कळल्यावर पुढचे प्रश्न आपोआप सुचू लागतात. डिसेंबरच्या रिपोर्टमध्येही हेच झालं असणार, फक्त तो कोणी ताडून पाहिला नाही. यूटीसीच्या पूर्वेला असलेल्या ग्राहकांचं उलटं होत असणार: त्यांच्या १ तारखेच्या पहाटेच्या नोंदी आदल्या महिन्यात घुसत असणार. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे ही सीमा उन्हाळ्यात सातऐवजी आठला येत असणार. हे तिन्ही अंदाज तुम्ही जुनी तिकिटं चाळून तपासू शकता. आणि हो, तारखेची मर्यादा एक दिवस पुढे नेण्याचा जो उपाय इतकी वर्षं दिला गेला, त्यात १ फेब्रुवारीच्या खऱ्या नोंदीही जानेवारीत मोजल्या जात होत्या. ग्राहकाने ते पाहिलं नसेल, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही किरकोळ गोष्ट नाही.

या एका तिकिटात तुम्ही नोंदींची छाननी केली, अंदाज बांधला, तो खोटा ठरू शकेल अशी तपासणी केली आणि नुकसान कुठवर पोचलंय त्याचा माग काढला. चांगला डेव्हलपर अडचणीत हेच करतो. फरक इतकाच की त्याच्यासमोर स्वतःचा कोड असतो आणि तुमच्यासमोर एका वैतागलेल्या माणसाचं अर्धवट वर्णन. तुमचं काम त्यामुळे खालच्या दर्जाचं कसं काय ठरतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पासवर्डचं तिकीट सगळ्यात भिकार, असं तुम्हाला वाटत असणार. मलाही ते रोज वाचायला आवडणार नाही. पण "रिसेटची लिंक उघडली तर आधीच वापरलेली आहे असं येतं" अशी तक्रार एखाद्या कंपनीच्या सगळ्याच लोकांकडून येत असेल, तर ते लोक वेंधळे आहेत म्हणून ती येत नाही. मोठ्या कंपन्यांत येणाऱ्या मेलमधल्या लिंका सुरक्षेची यंत्रणा माणसाच्या आधी स्वतः उघडून बघते. लिंक एकदाच चालणारी असेल तर ती तिथेच खर्ची पडते आणि माणूस क्लिक करतो तेव्हा शिळी झालेली असते. उपाय साधा आहे: लिंक उघडल्यावर लगेच टोकन, म्हणजे लिंकमधला एकदाच चालणारा संकेत, खर्ची टाकायचं नाही, पानावर एक बटण द्यायचं आणि ते दाबल्यावरच टाकायचं. हे ज्या दिवशी तुम्ही डेव्हलपर टीमला पुराव्यासह सांगाल, त्या दिवशी तुमच्या क्यूतली तिकिटांची एक अख्खी जातच नाहीशी होईल.

इम्पोर्टचंही तसंच. "तुमच्या इम्पोर्टने आमचे खातेक्रमांक बिघडवले" असं ग्राहक म्हणतो, तेव्हा ती फाइल वाटेत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का, हे विचारा. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक धरतं, पुढचे शून्य करून टाकतं. सुरुवातीची शून्यंही उडवतं. तारखेसारखं काही दिसलं की त्याची तारीख करतं. या शेवटच्या सवयीने तर शास्त्रज्ञांनाही इतका त्रास झाला, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली नियमावली काढताना काही जनुकांची नावंच बदलली. "मार्च १" आणि "सप्टेंबर १" अशा तारखा होऊन बसणारी नावं तिने "मार्चएफ १" आणि "सेप्टिन १" अशी केली. तुमच्या क्यूत पडलेली तक्रार किती दूरवर पोचलेली असू शकते, त्याचं हे उदाहरण.

एक हकिकत सांगते. सिस्टिम सांभाळणाऱ्या लोकांत ती प्रसिद्ध आहे, पण नव्या सपोर्टवाल्यांनी ती ऐकलेली नसते. ट्रे हॅरिस नावाच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने २००२ साली ती लिहिली. ते विद्यापीठाची मेल यंत्रणा सांभाळत असताना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा त्यांना फोन आला: आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. ऐकणाऱ्याला हसू यावं अशीच तक्रार. ईमेलला अंतर कुठे कळतं? पण हॅरिस यांनी वेगवेगळ्या शहरांत मेल पाठवून पाहिले, तर खरोखरच जवळचे जात होते आणि लांबचे परत येत होते. शेवटी छडा लागला. कोणीतरी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली होती आणि त्यात मेल पाठवणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रामची जुनी आवृत्ती येऊन बसली होती. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली सेटिंग्ज तिला कळत नव्हती, म्हणून समोरच्या सर्व्हरची वाट बघायची मुदत शून्य धरली जात होती. त्या मशीनवर शून्य म्हणजे प्रत्यक्षात तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे ५५८ मैल. ग्राहकाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

मला या हकिकतीत हॅरिस यांच्या हुशारीइतकंच त्या विभागप्रमुखांचं वागणं आवडतं. त्यांनी नुसतं "मेल जात नाही" म्हटलं नाही. काही दिवस माहिती गोळा केली आणि मगच फोन केला. अशी माणसं तुमच्या ग्राहकांतही आहेत. त्यांचं तिकीट विचित्र दिसतं म्हणून आपण तयार उत्तर चिकटवतो आणि क्यूतलं सगळ्यात मोलाचं तिकीट हातचं घालवतो. यापुढे जे तिकीट वाचून "असं होणं शक्यच नाही" असं मनात येईल, ते बाजूला काढून ठेवा. तुमचा शिकायचा खुराक तोच.

आता हे सगळं करायला हाताशी काय लागतं? फार नाही. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कची खिडकी वाचता यायला हवी. तिथे सर्व्हरच्या उत्तराचे आकडे दिसतात: ४०१ आला म्हणजे तुम्ही कोण हेच सर्व्हरला पटलेलं नाही, ४०३ म्हणजे ओळख पटलीय पण परवानगी नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारताय, ५०४ म्हणजे मधला सर्व्हर मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून थकला. एवढ्या भेदावर अर्ध्या तिकिटांची दिशा ठरते. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. त्यातलं सिलेक्ट, जॉइन आणि ग्रुप बाय इतकं पक्कं केलंत तर वरचं टाइम झोनचं तिकीट तुम्ही ग्राहकाकडून यादी न मागवता स्वतःच उलगडू शकाल. लॉगमधून, म्हणजे सिस्टिमने आपोआप ठेवलेल्या नोंदींतून, रिक्वेस्ट आयडी (प्रत्येक विनंतीचा क्रमांक) धरून एकाच विनंतीचा प्रवास शोधायला शिका. हे सगळं फक्त वाचण्याच्या परवानगीवर होतं, काही बदलायची परवानगी मागू नका. कोर्स लावायच्या आधी रोजच्या तिकिटांवर हात चालवा. समोर खरा प्रश्न असला की शिकलेलं टिकतं.

एक गोष्ट मात्र फार जपा. ग्राहकाकडून आपण सहज एचएआर फाइल मागवतो, म्हणजे त्याच्या ब्राउझरमधल्या सगळ्या देवाणघेवाणीची नोंद. तिच्यात सेशनची टोकन आणि कुकीज, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची ओळख पटवणाऱ्या खुणा, तशाच असू शकतात. २०२३ साली ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत हल्लेखोर शिरले आणि ग्राहकांनी तपासासाठी दिलेल्या अशाच फाइल्समधली टोकन त्यांनी वापरली. सपोर्टच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या हातात किती किल्ल्या असतात, हे त्यावरून समजा. फाइल मागवताना टोकन काढून टाकायला सांगणं आणि काम झाल्यावर ती पुसणं, हे कोणी सांगायची वाट न बघता स्वतः सुरू करा.

डेव्हलपरकडे बग कसा पाठवता, यावर तुमची पत ठरते. मी अशी वाक्यं रोज वाचलीत: "ग्राहकाचा एक्स्पोर्ट चालत नाही. अर्जंट आहे, कृपया बघा." यावर डेव्हलपर काय करणार? तो "माझ्याकडे चालतंय" म्हणतो आणि तुमच्यात-त्याच्यात चार दिवस पिंगपाँग चालतं. तेच असं लिहा: "एक वर्षाचा एक्स्पोर्ट घेतला की बरोबर ६० सेकंदांनी ५०४ येतो. सहा महिन्यांचा घेतला तर ४० सेकंदांत पूर्ण होतो. तीन ग्राहकांच्या खात्यांत करून पाहिलं, तिन्हीकडे तसंच. मागच्या रिलीजच्या आधी वर्षाचा एक्स्पोर्ट चालत होता. रिक्वेस्ट आयडी खाली दिलेत." दर वेळी नेमका ६० सेकंदांचा आकडा येणं हीच खूण आहे: कुठेतरी मुदत संपतेय. एनजिनएक्स या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये मागच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबण्याची मुदत मुळात ६० सेकंदच असते, कोणी बदलली नसेल तर. हे तुम्ही लिहिलंत की डेव्हलपरला कळतं, हिच्याकडून आलेलं तिकीट आधी उघडायचं. अशी दोन-चार तिकिटं गेली की तेच तुम्हाला येऊन विचारू लागतात. पदाचं नाव बदलायच्या कितीतरी आधी तुमचं वजन बदललेलं असतं.

तुम्ही म्हणाल, क्यूमध्ये एवढी तिकिटं असताना प्रत्येकाच्या मुळाशी जायला वेळ कुठे आहे. नसतोच. म्हणून प्रत्येकाच्या जाऊ नका. दिवसाला एक निवडा. बाकीची आज करता तशी, तयार उत्तरांनी, झटपट निकालात काढा, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या झटपटीतूनच त्या एकासाठी वेळ निघणार आहे आणि तुमचे आकडे चांगले आहेत म्हणजे ती झटपट तुमच्याकडे आहे.

आणि एक साधी वही किंवा शीट ठेवा. तिकिटांवर जे टॅग लावतो ते बहुधा उत्पादनाच्या भागांप्रमाणे असतात: रिपोर्ट, इम्पोर्ट, लॉगिन. तुम्ही स्वतःसाठी कारणांप्रमाणे लावा: टाइम झोन, मुदत संपली, परवानगी चुकली, स्क्रीनवरची सूचना कळली नाही. ही शेवटची रास बघता बघता सगळ्यात उंच होते. तिच्यात सॉफ्टवेअर मोडलेलं नसतं, माणसाला ते समजलेलं नसतं. तिथे डेव्हलपरपेक्षा डिझाइन आणि प्रॉडक्टवाल्यांना तुमची गरज आहे, कारण माणूस नेमका कोणत्या शब्दावर अडखळतो ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. मदतीचे लेखही तिकीट सोडवतानाच लिहायचे असतात, ग्राहकाने वापरलेल्या शब्दांत. कन्सॉर्शियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन या संस्थेने १९९२ पासून घडवत आणलेली केसीएस नावाची पद्धत हेच सांगते. ग्राहक "बिल दोनदा आलं" असं शोधत असेल आणि तुमच्या लेखाचं शीर्षक "डुप्लिकेट इनव्हॉइसचे निराकरण" असेल, तर तो लेख त्याला कधी सापडणारच नाही.

चिडलेल्या ग्राहकांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तो भाग सोडून चालणार नाही. मोठा बिघाड झाला असताना लिहिलेला चार ओळींचा मेल ही खरी कसोटी असते. आत्ता आम्हाला काय नक्की माहीत आहे, काय अजून कळलेलं नाही, तोवर तुम्ही काम कसं चालवू शकता आणि पुढचं अपडेट किती वाजता येईल. वेळ सांगितली की त्या वेळी लिहायचंच, सांगण्यासारखं काही नसलं तरी. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" या वाक्याने कोणाचा राग गेलेला मी पाहिला नाही. "साडेचारला पुन्हा लिहिते" असं सांगून साडेचारला लिहिल्यावर मात्र माणूस शांत झालेला अनेकदा पाहिलाय. अनिश्चितता न लपवता आणि घाबरवून न सोडता लिहिणं, हे वरिष्ठ पदांवर बसलेल्या कित्येकांना जमत नाही. तुम्हाला त्याचा रोज सराव मिळतोय.

चॅटबॉटचा विषय थोडक्यात. ठरावीक उत्तरांची तिकिटं त्यांच्याकडे जाऊ लागली आहेत आणि पुढेही जातील. ज्याचं काम फक्त तयार उत्तर चिकटवण्याचं आहे त्याने काळजी करावी, हे मी गोड बोलून लपवणार नाही. पण जे तिकीट माणसापर्यंत पोचतं ते आता आधीपेक्षा किचकट असतं. वर सांगितलेली सवय लावून घ्यायची ही योग्य वेळ आहे.

आता तुमच्या मित्रमैत्रिणींचा प्रश्न. तुम्हाला स्वतःला काही घडवायचंय का, हे आधी स्वतःला विचारा. रात्री घरी बसून छोटासा प्रोग्राम लिहिताना वेळ कसा गेला ते कळत नसेल, तर डेव्हलपमेंटकडे जा. सपोर्टमध्ये कितीही खोल गेलात तरी ती भूक भागणार नाही आणि मी ती भागेल असं सांगणार नाही. पण कोड लिहायची ओढ नसताना निव्वळ चारचौघांत सांगायला बरं वाटावं म्हणून जाणार असाल, तर तिथेही दोन वर्षांत असंच पत्र लिहाल. न समजणाऱ्या गोष्टीचा माग काढण्यात मजा येत असेल, तर सपोर्टमध्येच दुसऱ्या-तिसऱ्या फळीतलं काम, एस्कलेशन इंजिनिअर (खालून वर पाठवलेली अवघड तिकिटं सोडवणारा), सिस्टिमची विश्वासार्हता सांभाळणाऱ्या टीम, टेस्टिंग असे रस्ते आहेत. लोकांशी बोलण्यात असेल तर प्रॉडक्ट किंवा मोठ्या ग्राहकांना सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम. लेख लिहिताना हात रमत असेल तर टेक्निकल रायटिंग. यातलं काय, ते तुमची ती शीटच दाखवेल: कोणती नोंद तुम्ही मोठी लिहिली आणि कोणती दोन शब्दांत उरकली, ते बघा.

रिझ्युमेवर सपोर्ट लिहाच. फक्त "ग्राहकांच्या शंकांचे निरसन केले" असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. लिहा की महिनाअखेरच्या रिपोर्टमधली टाइम झोनची चूक शोधली, किती खात्यांवर परिणाम होता ते क्वेरीने काढलं, दुरुस्तीनंतर त्या प्रकारची तिकिटं इतक्यांवरून इतक्यांवर आली. आकडे तुमचे, खरे, शीटमधले. मुलाखत घेणाऱ्याला असं एक तिकीट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सांगता आलं, तर पदाच्या नावावर तो अडून बसत नाही.

राहता राहिल्या तुमच्या मॅनेजर. आकडे चांगले म्हणून तुम्हाला हलवत नाहीत, हे मला मनापासून खटकलं, कारण चांगल्या माणसाला चांगलं काम करण्याची शिक्षा अशीच दिली जाते. त्यांच्याकडे "मला कंटाळा आलाय" म्हणून जाऊ नका. सहा आठवडे शीट भरा, मग ती घेऊन जा. सांगा की या तीन कारणांमुळे आपल्या टीमचा एवढा वेळ जातो. त्यांचा छडा लावायला मला आठवड्यातून चार तास क्यूबाहेर हवेत, लॉग आणि डेटाबेस वाचण्याची परवानगी हवी आणि बगची छाननी होते त्या बैठकीत बसायचंय. तीन महिन्यांनी आकडे पुन्हा बघू. यात त्यांचाही फायदा आहे आणि समजदार मॅनेजर नाही म्हणणार नाही.

तरीही नाही म्हणाल्या, किंवा हो म्हणून परवानगी कधी आलीच नाही, तर शांतपणे बाहेर अर्ज टाकायला लागा. काही कंपन्यांत सपोर्टचं मोजमाप एका तिकिटाला किती मिनिटं लागली एवढ्यावरच होतं, तिथे तुम्ही कितीही धडपडलात तरी भिंतच लागते. नव्या ठिकाणी मुलाखतीच्या शेवटी तुम्हीही विचारा: सपोर्टच्या लोकांना लॉग बघता येतात का? नोंदवलेल्या बगवर डेव्हलपरचं उत्तर साधारण किती दिवसांत येतं? गेल्या दोन वर्षांत सपोर्टमधून कोण कुठे गेलं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस "आमच्याकडे भरपूर संधी आहेत" असं मोघम बोलू लागला तर पुढची जागा बघा. अमुक जण प्रॉडक्टमध्ये गेला, तमुक जण आता तिसऱ्या फळीची टीम चालवते, असं न अडखळता सांगू लागला, तर तिथली ऑफर नीट वाचा.